प्लग फेकण्याआधी वाचा: जुन्या स्पार्क प्लगवरून इंजिनाचं दुखणं कसं ओळखायचं

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी शंभर सीसीची गाडी सव्वा महिना गावाकडच्या सोप्यात उभी होती. बाहेर काढली तेव्हा चालू झाली, पण चाळीसच्या पुढे उचल घेईना. खंबाटकीच्या चढाला तर दुसऱ्या गिअरवरही दम टाकायची. प्लग काढला, तो काळाकुट्ट. नवीन टाकला, दीडशे किलोमीटर बरी चालली आणि पुन्हा तेच. अजून एक नवीन टाकला, तोही काळा. मग एका ठिकाणी दाखवली, तिथे सांगितलं, "बोअर गेलाय, इंजिन खाली करावं लागेल." बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. खर्चाचा आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली.

त्या रात्री ओट्यावर, बल्बच्या उजेडात, तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि पहिल्यांदा नीट बघितले. तिन्हींवर कोरडी, मखमलीसारखी काजळी. बोट फिरवलं की बोटाला लागत होती, पण कागदावर तेलाचा टिपूसही उमटला नव्हता. बोअर गेला असता तर प्लग तेलकट असायला हवा होता. हा कोरडा होता. म्हणजे एक तर पेट्रोल जास्त, नाही तर हवा कमी. सकाळी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराने संसार थाटलेला: भुईमुगाची टरफलं, सुतळीचे धागे, कापसाचे बोळे. फिल्टर बदलला, डबा पुसून काढला, तिसराच प्लग साफ करून परत बसवला. तो पुढे नऊ हजार किलोमीटर चालला.

तिन्ही प्लग पहिल्या दिवसापासून मला हेच सांगत होते, मी ते बघत नव्हतो. म्हणून हा लेख. ज्यांनी आजवर प्लग पानासुद्धा हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी लिहितोय. मोटरसायकल, स्कूटर आणि जुन्या पेट्रोल कारला यातलं बहुतेक सगळं लागू होतं. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तेव्हा त्यांचा इथे विषय नाही.

आधी एवढं समजून घ्या

प्लगचं खालचं टोक इंजिनाच्या आत, जिथे पेट्रोल जळतं तिथेच बसलेलं असतं. आत काय चाललंय ते सगळं त्याच्या अंगावर उमटतं.

प्लगच्या टोकाला मध्ये एक धातूची दांडी, तिच्याभोवती पांढरी चिनीमाती आणि वरून वाकवलेली एक पट्टी असते. दांडी आणि पट्टी यांच्यामधल्या फटीला गॅप म्हणतात. ठिणगी तिथे पडते. रंग वाचायचा तो मुख्यतः चिनीमातीचा.

गाडी नीट चालत असताना हे चिनीमातीचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असतं. त्या तापमानाला त्याच्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. टोक त्याहून गार राहिलं तर काजळी साचते. ८०० अंशांच्या बरंच पुढे गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवून टाकतं. त्यात पिस्टनला भोक पडू शकतं. काळा प्लग आणि पांढराफटक प्लग ही या दोन टोकांची लक्षणं आहेत.

काय काय लागेल

- तुमच्या गाडीच्या मापाचा प्लग पाना. हल्लीच्या बऱ्याच मोटरसायकलींना १६ मिलिमीटरचा लागतो, जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना आणि जुन्या कारना २१ चा. गाडीबरोबर टूलकिटमध्ये येतो तो चालतो.
- फिलर गेज, म्हणजे पातळ पत्र्यांचा जुडगा, गॅप मोजायला.
- सायकलचा पंप, स्वच्छ फडकं, जुना मऊ टूथब्रश.
- चांगला टॉर्च आणि भिंग. भिंग नसेल तर मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा.
- वर्तमानपत्राचा कागद.
- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. प्लगचा नंबर आणि गॅप त्यात दिलेला असतो. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. "याला चालतो" असं दुकानदार सांगतो, तेवढ्यावर जाऊ नका.
- एक वही.

१. प्लग काढण्याआधी गाडी नीट चालवा

नवखे लोक इथेच चुकतात, आणि इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. सकाळी गाडी चोकवर चालू केली, पाच मिनिटं दारात घुरघुरू दिली आणि प्लग काढला, तर तो काळाच निघेल. ते चोकचं आणि थंड इंजिनाचं काळं असतं, त्यावरून इंजिनाची परीक्षा होत नाही.

आठ-दहा किलोमीटर, नेहमीच्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर चालवा. घरी आलात की दारात रेंगाळत उभी न ठेवता लगेच बंद करा. मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बंद केल्यानंतर प्लगचा रंग बदलत नाही, त्यामुळे दोन तास गेले तरी बिघडत नाही. गरम इंजिनातून प्लग काढला तर हात भाजतो, शिवाय हेड (प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं असल्याने आटे उपटून यायची भीती असते.

रेसिंगवाले फुल्ल थ्रॉटलवर गाडी पळवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग बघतात. मेन जेटचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य भोकाचा) अंदाज घ्यायची ती पद्धत खरी आहे, पण वाहत्या रस्त्यावर ती करू नका.

प्लग नवा टाकून पन्नासच किलोमीटर झाले असतील तरीही घाई नको. रंग पक्का व्हायला काही शे किलोमीटर लागतात. काजळी आणि तेल मात्र नव्या प्लगवरही लवकर दिसतं.

२. काढताना

प्लग कॅप, म्हणजे प्लगवर बसलेलं वायरचं टोपण, धरून किंचित फिरवत ओढा. वायर धरून ओढली तर ती आत तुटते आणि मग नसलेला आजार तुम्हीच तयार करता.

पाना सरळ बसवा. तिरका बसला तर चिनीमाती तडकते. अर्धा फेरा सैल केला की थांबा. प्लगच्या खळग्यात माती, वाळू, पावसाळ्यात चिखलाचे वाळलेले तुकडे असतात. सायकलच्या पंपाने चांगली हवा मारा आणि मगच प्लग पूर्ण काढा. वाळूचा एक कण आत पडला तर बोअरवर ओरखडा काढतो. प्लग निघाल्यावर भोकावर फडकं ठेवा.

निघालेला प्लग पुसू नका. हाताखालच्या मुलांना सवय असते, प्लग निघाला की लगेच पॉलिश पेपर. जे वाचायचं तेच त्यात पुसलं जातं. आधी फोटो, मग बाकीचं.

३. बघायचं कुठे

चार जागा, याच क्रमाने: चिनीमातीचं टोक, मधली दांडी आणि वाकडी पट्टी, आट्यांच्या तोंडाशी असलेली कडा, आणि शेवटी बाहेरच्या पांढऱ्या अंगावरचे डाग किंवा चिरा. कडेवर थोडी काळपट छटा असणं स्वाभाविक आहे. नुसती ती बघून घाबरू नका. चिनीमाती खोल आतपर्यंत, टॉर्च मारून बघा. टोकाला स्वच्छ आणि मुळाशी काळी अशीही असते.

दिवसाच्या उजेडात बघितलेलं उत्तम. पिवळ्या बल्बखाली राखाडी रंगही तपकिरी दिसतो.

४. रंग काय सांगतो

*फिकट तपकिरी, राखाडी, बिस्किटासारखा.* इंजिन ठीक. जुने मेकॅनिक "प्लग विटकरी पाहिजे" किंवा "चहासारखा पाहिजे" म्हणतात. ते खरं आहे, पण जुन्या दिवसांतलं आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा थर प्लगवर ठळक बसायचा. आपल्याकडे २००० साली शिसं बंद झालं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेही स्वच्छ जळतं. त्यामुळे आजच्या चांगल्या गाडीचा प्लग बराच फिकट, कधी कधी मळकट पांढरा निघतो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत तर रंग आणखी कमी. चहाचा रंग नाही म्हणून कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसू नका.

*कोरडी काळी काजळी.* सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार. अर्थ असा की जळायला हवं तेवढं जळत नाहीये, कारणं मात्र पाच-सहा. स्वस्तातल्या तपासणीपासून सुरुवात करा.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: गाडी किती चालते? रोज डेअरीपर्यंत दीड किलोमीटर, दूध घालेपर्यंत तिथे चालूच, आणि परत, एवढाच प्रवास असेल तर इंजिन कधी तापतच नाही. त्या गाडीचा प्लग काळा होणारच. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर मोकळी पळवा आणि पुन्हा बघा.

मग चोक. हँडलवरचा खटका परत आला, तरी खाली केबल अडकल्याने चोक अर्धवट लागून राहतो. कार्ब्युरेटरपाशी हात घालून बघा. मग एअर फिल्टर: माझी गोष्ट वर सांगितलीच. उसाच्या ट्रॉल्यांमागून, कच्च्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरातच भरतो. मग कार्ब्युरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग: त्याची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल वाढतं, कधी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडताना दिसतं. शेवटी ठिणगी अशक्त असणं आणि चुकीचा, गरजेपेक्षा गार प्लग (टोकाची उष्णता लवकर हेडमध्ये सोडणारा; गरम प्लग याच्या उलट) बसवलेला असणं.

इंजेक्शनच्या गाडीत चोक आणि फ्लोट नसतात. तिथे एअर फिल्टर ठीक असूनही प्लग काळा येत असेल, तर इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर चुकीचं सांगतोय का, इंजेक्टर गळतोय का, हे तपासावं लागतं. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर आधी तो कोड वाचून घ्या.

काजळी बघितलीत की एकदा इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर जास्तीचं पेट्रोल बोअरवरून उतरून ऑइलमध्ये मिसळलंय. कारण दुरुस्त करून ऑइलही बदला. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर पुढच्या खेपेला प्लग खरोखरच तेलकट निघेल.

*ओला प्लग, पेट्रोलचा वास.* किका मारून मारून इंजिनात पेट्रोल भरलंय, नाही तर करंटच येत नाहीये. प्लग वाळवा, चावी बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चार-पाच किका मारा, मग बसवा. वारंवार होत असेल तर पायरी ६ बघा.

*ओला, काळा, तेलकट.* पेट्रोल की ऑइल, अशी शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. प्लगचं टोक वर्तमानपत्राच्या कागदावर टेकवा आणि दहा मिनिटं थांबा. पेट्रोल उडून जातं, कागद पूर्ववत होतो. ऑइल असेल तर भजी बांधलेल्या कागदासारखा पारदर्शक डाग राहतो, उजेडासमोर धरला की आरपार दिसतो.

फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल वर येण्याच्या मुख्य वाटा दोन: खालून पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, किंवा वरून व्हॉल्व सील, म्हणजे व्हॉल्वच्या दांडीभोवतीचं रबर. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून कुठली वाट ते ओळखणं फार महत्त्वाचं. सायलेन्सरचा निळा धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या किकला भपकन निळा धूर आला आणि मग थांबला, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर आला, तर संशय व्हॉल्व सीलवर. चढाला जोर लावताना सतत येत असेल तर रिंगा. आणखी खात्री हवी असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या: आधी तसंच, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. दुसऱ्या वेळी आकडा बराच वाढला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजते. फारसा वाढला नाही तर गळती व्हॉल्वपाशी.

त्याआधी एक साधी गोष्ट बघा: इंजिन ऑइल खुणेच्या वर तर भरलेलं नाही ना? सर्व्हिसिंगनंतर लगेच प्लग तेलकट निघाला तर बहुतेक वेळा तेच असतं.

टू-स्ट्रोक गाड्यांचं वेगळं. त्यांच्यात पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल जळतंच, त्यामुळे प्लग थोडा गडद आणि ओलसर असणार. गळू लागला किंवा गॅपमध्ये काळा थेंब अडकू लागला, तरच ऑइलचं प्रमाण आणि ऑइल पंप बघा.

*खडूसारखा पांढरा, टोकाला फोड, दांडी निळसर किंवा वितळलेली.* फिकट पांढरा आणि हा पांढरा यांत गल्लत करू नका. हा भाजून निघालेला पांढरा असतो: चिनीमातीचा तुकतुकीतपणा गेलेला, भिंगाखाली बारीक फोड. ही गाडी लगेच थांबवा. काळ्या प्लगची गाडी महिनाभर कशीबशी चालेल, ही एखाद्या लांब चढाला पिस्टन घेऊन जाईल.

कारण बहुधा पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तडकलेला असतो आणि तिथून हवा चोरून आत जाते. इंजिन स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर पाण्याची बारीक फवारणी करा. आवाज बदलला तर जोड गळतोय. पेट्रोल किंवा कसलाही पेट घेणारा स्प्रे गरम इंजिनावर मारू नका. मग जेटमधला कचरा, पेट्रोल कॉकची जाळी आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा. हे भोक बुजलं तर गाडी घरापासून दहा किलोमीटर छान चालते, मग पेट्रोल मिळेनासं होतं. झाकण उघडलं की पुन्हा छान. कित्येक गाड्यांचे कार्ब्युरेटर या भोकापायी विनाकारण उघडले गेलेत.

याशिवाय टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे गेलेलं असणं, गरजेपेक्षा गरम प्लग बसवणं, आणि एअर-कूल्ड इंजिनाच्या पंख्यांमध्ये वाळलेला चिखल बसणं. पावसाळ्यात शेतातून येणाऱ्या गाडीचं हे शेवटचं कारण फार दुर्लक्षित राहतं. सैल बसवलेला प्लगसुद्धा असा भाजतो, कारण त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही.

*चिनीमातीवर चमकणारे बारीक रुपेरी कण.* हे पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. जोर लावल्यावर इंजिनातून खडखड, नॉकिंग ऐकू येत असणार. गाडी पुढे चालवू नका, मेकॅनिककडे उचलून न्या.

*चिनीमातीचं टोक तुटलेलं.* एक तर नॉकिंग, नाही तर गॅप लावताना कुणी मधल्या दांडीवर जोर दिलाय. तुटलेला तुकडा कुठे गेला हा पुढचा प्रश्न. तो इंजिनात असेल तर बोअर आणि व्हॉल्व तपासल्याशिवाय किक मारू नका.

*पट्टी ठोकल्यासारखी चपटी, गॅप बंद.* जास्त लांबीचा प्लग बसवलाय आणि पिस्टन त्यावर आपटतोय, किंवा आत काही पडलंय. नवा तसाच प्लग मुळीच टाकू नका.

*राखाडी-पांढरी राख, चुन्याच्या पापडीसारखी.* ऑइल थोडं थोडं बऱ्याच दिवसांपासून जळतंय. त्यातली रसायनं राखेच्या रूपाने राहतात.

*दांडी गोल झालेली, गॅप वाढलेला, रंग चांगला.* प्लगचं वय झालं, इंजिन निरोगी आहे. स्लोवर ठीक आणि जोर लावला की मिस मारते, हे त्याचं लक्षण. बदला.

बाहेरच्या अंगावर, धातूला लागून तपकिरी वर्तुळ दिसलं तर ते गळतीचं चिन्ह समजून प्लग फेकू नका. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. उभ्या काळ्या रेषा मात्र वाईट: वीज गॅपमध्ये न जाता बाहेरून अंगावरून उतरतेय. अशा वेळी प्लग आणि कॅप दोन्ही बदला.

५. एकापेक्षा जास्त प्लग असतील तर

कारला तीन-चार प्लग असतात, डीटीएस-आय पल्सरच्या एकाच सिलिंडरला दोन. काढताना प्रत्येकाला चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा. टेबलावर चार प्लग एकत्र झाले की अर्धी माहिती गेली.

सगळे एकसारखे काळे किंवा पांढरे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे: एअर फिल्टर, पेट्रोलचा दाब, सेन्सर. एकच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. तो प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये टाका, शेजारचा याच्यात, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघा. खराबी प्लगबरोबर गेली तर प्लग वाईट, जागेवरच राहिली तर सिलिंडर, कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) किंवा वायर. कारमध्ये एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी त्या सिलिंडरमध्ये जातंय.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा प्लग रंगाने फारसा बोलत नाही. तिथे ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दांडी लवकर झिजते. रंगापेक्षा गॅप बघा.

६. करंट तपासायचा तो असा

प्लग कॅपमध्ये घाला, प्लगचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळसर-पांढरी आणि चटचट आवाज करणारी हवी. पिवळी, केसासारखी बारीक असेल तर कॅप, वायर, कॉइल यांच्याकडे बघा.

प्लगच्या उघड्या भोकाजवळ हे करू नका; तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडतो. प्लग दूर धरा, भोकावर फडकं ठेवा. कॅप हवेत लोंबकळत ठेवून किकही मारू नका, ठिणगी पाडणारं सीडीआय युनिट जळू शकतं. उघड्यावर पडणारी ठिणगी इंजिनाच्या दाबाखाली पडेलच असंही नाही, त्यामुळे शंका राहिली तर चांगल्या गाडीतला चालू प्लग लावून बघणं जास्त भरवशाचं.

७. साफ करायचा की बदलायचा

काजळी कोरडी आणि दांडीला धार असेल तर थोडं पेट्रोल आणि टूथब्रश पुरे. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून लांब करा. तारेचा ब्रश चिनीमातीवर धातूच्या रेषा सोडतो आणि त्यावरून वीज पळते. गॅसच्या शेगडीवर प्लग लाल करणं हा गावोगावचा उपाय आहे. त्याने चिनीमाती तडकते. तेलाने माखलेला, फोड आलेला, चिरलेला, आपटून पडलेला प्लग बदला. इरिडियम प्लगची दांडी फार बारीक असते, तिला ब्रशही लावू नका.

नवा घेताना नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. एनजीकेचा सीपीआर८ईए-९ घ्या उदाहरणाला: सी म्हणजे आटे १० मिलिमीटरचे, पी म्हणजे टोक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिलिमीटर. एनजीके आणि डेन्सोमध्ये श्रेणीचा आकडा वाढला की प्लग गार होत जातो. बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीकडे शोधणारे इथे फसतात. कंपनी बदलायची असेल तर दुकानातल्या तक्त्यावरून जुळवून घ्या.

डुप्लिकेट प्लगही बाजारात खूप आहेत. छपाई पुसट, वायसर (वॉशर) बोटाने गळून पडणारं, मधली दांडी एका बाजूला सरकलेली, असं काही दिसलं तर परत करा.

८. बसवताना

गॅप फिलर गेजने मोजा आणि जुळवायचा तर फक्त वाकडी पट्टी हलवा. प्लग आधी हाताने फिरवा, पाना नंतर. चार-पाच फेरे हाताने सहज गेले म्हणजे आटे जुळले. अडला तर उलटा फिरवून पुन्हा लावा. जोर केला की हेडचे आटे गेले, आणि ते काम प्लगच्या किमतीच्या कित्येक पट महाग. हाताने पूर्ण बसल्यावर नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा, कारण त्याचं वायसर दबायचं असतं. जुना परत बसवत असाल तर फेऱ्याचा आठवा हिस्सा पुरतो. १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर हवा असतो, लांब दांड्याच्या पान्याने तो नकळत दुप्पट होतो. आट्यांना ग्रीस लावू नका.

कॅप टक्क आवाज होईपर्यंत दाबा.

९. वहीत लिहून ठेवा

तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर, रंग, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, जेट आणि प्लग एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. बदल केल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनी प्लग पुन्हा काढून बघा आणि पुढची ओळ लिहा. तोवर मिस मारणारी गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग फार महाग असतो.

मेकॅनिककडे जायची वेळ आली तर काढलेला प्लग न पुसता, कागदाच्या पुडीत बांधून सोबत न्या आणि वही दाखवा. पुडीवर तारीख आणि किलोमीटर लिहा. माझ्याकडे अशा अकरा पुड्या एका डब्यात आहेत. उंदराच्या वेळच्या, साफ न केलेल्या दोन्ही त्यात आहेत, आणि शेजारच्या कुणाची गाडी उचल घेईनाशी झाली की आम्ही त्याचा प्लग त्या दोघांशेजारी ठेवून बघतो.